यादी आली की नेस्टेड टाइप हवाच

इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनात डेटा ठेवताना क्लासमधली सगळी ॲट्रिब्यूट्स जशीच्या तशी इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या साठ्यात) पाठवावीत आणि प्रत्येक फील्डचा टाइप त्यालाच ओळखू द्यावा, असा एक सल्ला दिला जातो. साध्या ऑब्जेक्टला ते चालून जातं. पण एका ऑब्जेक्टमध्ये दुसऱ्या ऑब्जेक्ट्सची यादी आली की गाडी अडते, कारण इलॅस्टिकसर्चच्या मुळाशी असलेल्या ल्युसीन या शोध-लायब्ररीचं डॉक्युमेंट सपाट असतं. त्याला आतली रचना कळतच नाही.

समजा, ‘प्रॉडक्ट’मध्ये ‘व्हेरिएंट’ची यादी आहे: एक लाल, साइज ४०, दुसरा निळा, साइज ४२. इंडेक्स होताना सगळे रंग एका फील्डमध्ये आणि सगळ्या साइज दुसऱ्यात जमा होतात. कोणता रंग कोणत्या साइजचा, ही जोडीच हरवते. मग ‘लाल आणि ४२’ शोधलं तरी हे प्रॉडक्ट येतं, जे साफ चूक आहे. इथे नेस्टेड टाइपच (यादीतला प्रत्येक ऑब्जेक्ट वेगळा ठेवणारा) लागतो, आणि क्वेरीही नेस्टेडच लिहावी लागते (हे फार सहज विसरलं जातं). मात्र त्यात प्रत्येक व्हेरिएंट स्वतंत्र, छुपं डॉक्युमेंट म्हणून साठवला जातो, त्यामुळे एक बदलला तरी अख्खं प्रॉडक्ट पुन्हा इंडेक्स होतं. सतत बदलणारा स्टॉकचा आकडा तिथे ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

टाइपही स्वतःच ठरवा. आपोआप ओळखताना स्ट्रिंगला टेक्स्ट (शब्दाशब्दाने शोधण्यासाठी) आणि सोबत कीवर्ड (जसंच्या तसं जुळवण्यासाठी) अशी दोन्ही फील्ड मिळतात; ऑर्डर नंबरला टेक्स्ट काय कामाचं? शिवाय एकदा ठरलेला टाइप त्याच इंडेक्समध्ये बदलता येत नाही, नवा इंडेक्स बनवून त्यात सगळा डेटा रीइंडेक्स करावा लागतो. म्हणून ॲप्लिकेशनमध्ये पहिल्यापासूनच इंडेक्सच्या खऱ्या नावाऐवजी एलियास, म्हणजे नंतर नव्या इंडेक्सकडे वळवता येणारं टोपणनाव, वापरा.