अफवा, शांतता शिक्षण आणि शिक्षक: वेगळं प्रशिक्षण हवंच का?

पार्कचौक:
सोलापुरात शिक्षकांना शांतता शिक्षण आणि माध्यम साक्षरता शिकवायची तर पाच दिवस सभागृहात कोंडून काही होणार नाही. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत महिन्याला दोन तास द्या, पण वर्षभर. एका गटात 25-30 जण, आणि मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांचे एकत्र.

गरज का, तर अफवेनं काय होतं ते बघा: 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे होते.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतलं पोर उचलून पळतात. मूळ व्हिडिओ कराचीतला, जनजागृतीसाठी केलेला. त्यात पुढं ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरवताना नेमकं तेवढंच कापलं. पहिलं सत्र यावरच घ्या: कापलेला भाग दाखवा, काय वाटलं ते दोन ओळींत लिहून घ्या, मग पूर्ण व्हिडिओ लावा. लिहिलेले कागद शेवटी ज्याचे त्याला परत द्या.

खडूफळा:
साफ असहमत. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण आधीच आहे. 'दीक्षा' या शिक्षकांच्या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ पुढं ढकलून प्रमाणपत्र कसं निघतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीनं आलेलं प्रशिक्षण खाली पोचेपर्यंत पाच दिवसांचं एक दिवस होतं, आणि त्या दिवसाचा निम्मा वेळ यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरण्यात जातो. वेगळा विषय काढला की वेगळी नोंदवही येते. इतिहासात 'इतिहासाची साधने' हा धडा आहेच. कागद कोणी लिहिला, कधी, कशासाठी, हे तीन प्रश्न तिथंच आलेल्या फॉरवर्डला लावा. झालं की!

चादरवाला:
तीन प्रश्न ठीक, पण हातानं तपासणार कधी? चित्रावरून मूळ शोधणारं गूगल लेन्स बहुतेकांना माहीत असतं, तरी ते फसतं. स्क्रीनशॉटवर मोठ्या अक्षरांत मजकूर असला की लेन्स त्या अक्षरांच्याच मागं लागतं. म्हणून आधी मजकूर कापून टाकायचा. व्हिडिओचे तीन-चार वेगवेगळे क्षण घ्यायचे, दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट दिसेल असे. आणि व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर मेसेज खूप हातांतून आलाय एवढंच कळतं, खोटा आहे असं नाही. हे 35 मिनिटांच्या तासात जाता जाता होत नाही.

शेंगाचटणी:
तपासणं जमलं तरी पुढचं काय? मेसेज मामांनी टाकलाय. सगळ्यांसमोर 'मामा, हे खोटंय' म्हटलं की मामा हट्टाला पेटतात. एकट्याला 'हे कुठून आलं हो मामा?' असं विचारायचं, हे शिकवणं म्हणजे शांतता शिक्षण. सराव भूमिका घेऊन करायचा: 10 मिनिटं नाट्य, 20 मिनिटं त्यावर बोलणं. आपल्याकडं उलटं होतं, नाटक रंगतं आणि बोलायच्या वेळी चहा येतो.

दुसरं, चारही माध्यमं एकत्र बसवण्याला माझा विरोध आहे, निदान सुरुवातीला. उर्दू शाळेच्या शिक्षकाकडं वळून 'तुमच्यात काय म्हणतात?' हा प्रश्न पहिल्याच तासात येतो, आणि तो माणूस शिक्षक न राहता समाजाचा प्रवक्ता होतो.

पार्कचौक:
हा मुद्दा मान्य. जोड्या समाजावर नको, इयत्तेवर लावू: पाचवीचं गणित घेणारे दोघं एकत्र. पहिली दोन सत्रं धर्माचा विषयच नको. कराचीचा व्हिडिओ मग तिसऱ्यात.

पहिल्या सत्राला पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं ते पत्र घ्या, 'उद्या शाळांना सुट्टी'वालं. जावक क्रमांक बघा, तारखेचा आकडा बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आहे का बघा, मग जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत पानावर तेच पत्र आहे का शोधा. भांडण होत नाही आणि हात बसतो.

खडूफळा:
सुट्टीचं पत्र खोटं निघालं म्हणून कुणाचं घर जळत नाही, म्हणून तर ते सोपं. तिसऱ्या सत्राला किती जण येतील ते बोला. त्या दिवशी नेमकं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम निघणार.

चादरवाला:
मग बीएलओच्या कामाचे दिवस सोडून वेळापत्रक जूनमध्येच लावा. पण तिसरं सत्र गाळायचं नाही.