शब्दचर्चा : ‘शाब्दिक उदाहरण’ हे नेमकं कशाचं उदाहरण?

प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं : ‘राधाकडे १२ बोरं आहेत. ती गणूच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर गणूकडे किती बोरं आहेत?’ एकवीस मुलांपैकी चौदा जणांनी १७ लिहिलं. त्यातल्या एकीला जवळ घेऊन विचारलं, बेरीज का केलीस गं? तिने फळ्याकडे जाऊन ‘जास्त’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, “बाई, जास्त आलंय ना.”

हे तिला मीच शिकवलंय. वर्गाच्या भिंतीवर माझाच तक्ता होता : एकूण, मिळून, जास्त म्हणजे बेरीज, उरले, कमी, दिले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे गुणाकार, वाटले म्हणजे भागाकार. तो त्याच दिवशी उतरवला.

आता शब्दाची शंका. पुस्तकात अशा गणितांना ‘शाब्दिक उदाहरणे’ म्हणतात. एका मुलाने विचारलं, “बाई, उदाहरण म्हणजे ‘जसं की’ ना? मग हे कशाचं उदाहरण?” मला सांगता आलं नाही. मुलं आपापसात ‘वाचायचं गणित’ म्हणतात. हा ‘उदाहरण’ शब्द इथे कसा आला? आणि वर्गात बोलताना याहून बरा शब्द कोणता?

प्रतिसाद

ताई, त्या मुलाला शाबासकी द्या. त्याने शब्द बरोबर पकडला आहे.

जुन्या संस्कृत गणितग्रंथांची घडण अशी : आधी सूत्र, म्हणजे रीत, आणि तिच्या मागोमाग उदाहरण. भास्कराचार्यांची लीलावती (११५०) याच घडणीची. तेव्हा उदाहरण कशाचं? तर वर सांगितलेल्या रीतीचं. पुढे मराठीत रीत वेगळी पडली आणि सोडवायला दिलेल्या कुठल्याही गणिताला उदाहरण म्हणायची सवय लागली.

पण जुना अर्थ गेलेला नाही. आपल्या पुस्तकांतही ‘वजाबाकी’ हा धडा येतो आणि त्याच्या शेवटी शाब्दिक उदाहरणे. सगळी वजाबाकीचीच. मुलाला वाचायची गरजच राहत नाही : धड्याचं नाव बघायचं, दोन आकडे उचलायचे, मोठ्यातून लहान वजा. ‘उदाहरण’ हा शब्दच त्याला सांगतो की रीत ठरलेली आहे, तू फक्त आकडे भर. म्हणून माझं मत, निदान आठवड्यातून एकदा चारही क्रियांची गणितं मिसळून द्यावीत आणि त्यांना उदाहरण म्हणू नये.

आता शब्दापेक्षा मोलाची गोष्ट, या शब्दाबरोबरची मराठी क्रियापदं. आपण गणित ‘घालतो’. कोडंही घालतो, उखाणाही घालतो. गणित ‘सोडवतो’, तसा गुंता सोडवतो, गाठ सोडवतो. आणि ते ‘सुटतं’. तुमच्याच वर्गात दशक मोडून ‘सुटे’ करतात, तोही याच घरातला शब्द. सुटण्याच्या आधी एक पायरी असते, ‘मांडणं’. भातुकली मांडतात, पाट मांडतात, तसंच गणित मांडतात : कोण कुठे बसणार ते ठरवतात. मुलांकडून राहते ती हीच पायरी. ती घालणं ऐकतात आणि एकदम उत्तराकडे धावतात.

प्रतिसाद

थोडा विरोध नोंदवतो. मीही शिक्षक आहे, पंचवीस वर्षं झाली. जो मुलगा अक्षर लावून लावून वाचतो, त्याच्यासाठी तो तक्ता आधाराची काठी आहे. तोही काढून घेतला तर तो पान कोरं सोडतो. शब्दांकडे बघूच नका, असं सांगून कसं चालेल?

प्रतिसाद

सर, शब्दांकडे बघूच नका असं कोणी म्हणत नाहीये. पूर्ण वाक्य बघा, एवढंच म्हणणं आहे. ‘जास्त’वर थांबलेल्या मुलीने त्याच्या आधीचा ‘पेक्षा’ वाचलाच नाही, आणि सगळं गणित त्या ‘पेक्षा’त आहे.

‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’चा उरलेला तुकडा. त्यातला ‘ईक्ष्’ धातू म्हणजे बघणे. ‘गणूपेक्षा ५ ने जास्त’ म्हणजे गणूकडे बघून मोजलं तर ५ ने जास्त. मी मुलांना हेच विचारते : कोणाकडे बघून मोजलंय? बोट आपोआप गणूकडे जातं. मग पुढचा प्रश्न : आपल्याला कोणाचं माहीत आहे? राधाचं. इथे मूल थबकतं, आणि ते थबकायलाच हवं, कारण ज्याच्याकडे बघून मोजलं त्याचंच माहीत नाही.

तुलनेची गणितं लहान मुलांना का जड जातात यावर १९८३ मध्ये छापलेला हडसन यांचा प्रयोग मला फार शिकवून गेला. चित्रात काही पक्षी आणि त्यांच्याहून थोड्या कमी अळ्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?’ असं विचारलं तेव्हा नर्सरीच्या वयाच्या फक्त १७ टक्के मुलांना जमलं. मग त्याच चित्रावर विचारलं, ‘सगळे पक्षी अळ्या घ्यायला धावले, प्रत्येकाने एकच घेतली, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ आता ८३ टक्के मुलांना जमलं. चित्र तेच, मुलंही त्याच वयाची. बदलली ती फक्त वाक्याची ठेवण.

मराठीत हे करायला आपल्याकडे अगदी हाताशी शब्द आहे : ‘पुरणे’. ‘किती जास्त?’ऐवजी ‘किती कमी पडतील?’, ‘किती जणांना पुरणार नाही?’ पंगतीत वाढणाऱ्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. आधी पुरण्या-न पुरण्याचं गणित घाला, आणि तेच पुन्हा ‘पेक्षा’त सांगा. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला, सर, ही काठी तक्त्याहून भक्कम आहे.

प्रतिसाद

‘पट’ विसरू नका. ‘तिप्पट’ आणि ‘तीन पटींनी जास्त’ हे वर्तमानपत्रांतही एकमेकांच्या जागी सर्रास छापतात. १० ची तिप्पट ३०. पण तीन पटींनी जास्त शब्दशः घेतलं तर १० आणि वर ३०, म्हणजे ४०. प्राथमिकच्या प्रश्नपत्रिकेत ‘तिप्पट’च लिहावं.

प्रतिसाद

आकड्यांच्या नावांनीही इथे घोळ होतो. पोर ‘सत्तावीस’ ऐकतं, आधी सात ऐकतं, आणि ७२ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने ‘वीस सात’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की उलटा क्रम आणि जोडाक्षरं मुलांना अडवतात. आपल्या जुन्या नावांवर माझा जीव आहे, त्र्याण्णव आणि एकोणसाठ मला जायला नको आहेत. पण मूल शाब्दिक गणितात चुकलं की आधी बघावं, त्याला आकडा तरी नीट ऐकू आला का? समज बरोबर असते आणि लिहिताना आकडा उलटतो, असंही होतं.

प्रतिसाद

‘वाचायचं गणित’ हा मुलांचा शब्द मला मनापासून आवडला. वाचलं नाही तर काय होतं ते फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे १९७९ साली दिसलं होतं. प्राथमिकच्या मुलांना विचारलं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांतून उत्तर काढलं. ३६ वर्षं! ही मुलं मठ्ठ नव्हती. शाळेतल्या गणिताला उत्तर असतंच आणि ते आकड्यांतूनच काढायचं असतं, एवढं ती शिकलेली होती. आपण याला ‘उदाहरण’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच शिकवतो. अधूनमधून एखादं न सुटणारं गणित घालावं, आणि ‘यात माहिती अपुरी आहे’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

प्रतिसाद

घालणं, मांडणं, सोडवणं झालं, पण चौथा शब्द राहिला : ‘ताळा’. माझे वडील किराणा दुकानाची वही लिहायचे. रात्री बेरीज झाली की म्हणायचे, ताळा बघ. ताळा म्हणजे केलेल्या हिशेबाचा मेळ लागतो का ते पाहणं. ‘पडताळा’ आणि ‘ताळेबंद’ याच घरातले. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून बघा. शिक्षक प्रशिक्षणात त्या जड शब्दांत शिकवतात. आपल्याकडे त्यांना घरचे शब्द आहेत. वाचा, मांडा, सोडवा, ताळा बघा. दुसरीच्या मुलालाही सांगता येतील.

फक्त एक विनंती. ताळा म्हणजे तीच बेरीज पुन्हा करणं नव्हे. उत्तर गोष्टीत परत नेऊन ठेवायचं आणि गोष्ट खरी राहते का ते बघायचं.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. वर्गात जे झालं ते सांगते.

सोमवारी तेच बोरांचं गणित आकडे पुसून घातलं. ‘राधाकडे काही बोरं आहेत. ती गणूच्या बोरांपेक्षा थोडी जास्त आहेत.’ विचारलं, कोणाकडे कमी? सगळा वर्ग ओरडला, “गणूकडे!” आकडे नव्हते, त्यामुळे करण्यासारखं काही नव्हतं, वाचण्यासारखं तेवढं होतं. मग फरशीवर खडूने दोन पट्ट्या काढल्या, एकीखाली एक. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून अशाच पट्ट्या काढून शाब्दिक गणितं शिकवतात, हे मी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं. आमच्या पट्ट्या चिंचोक्यांच्या. राधाच्या पट्टीवर मुलांनी १२ चिंचोके मांडले. गणूची पट्टी कुठवर जाणार? ज्या मुलीने ‘जास्त’वर बोट ठेवलं होतं तीच पुढे आली. राधाच्या ओळीतले शेवटचे पाच चिंचोके तिने तळहाताने झाकले आणि म्हणाली, “इथपर्यंतच.” मी काहीच बोलले नाही. ती जागेवर जाऊन वही उघडून बसली. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, “बाई, सतरा असते तर गणूकडेच जास्त झाली असती की!” ताळा हा शब्द मी अजून सांगितलाही नव्हता.

मंगळवारी भागाकार. ३८ मुलं सहलीला निघाली, एका जीपमध्ये ९ बसतात, तर किती जीप लागतील? बहुतेकांचं उत्तर ‘४, बाकी २’. विचारलं, बाकी २ म्हणजे काय? वहीतल्या भागाकाराच्या तळाशी असलेला आकडा दाखवला. पुन्हा विचारलं, ते दोन कोण आहेत? शांतता. मग मागच्या रांगेतून, “बाई, ती बाकीची दोन पोरं!” आणि लगेच भांडण. एक म्हणतो दोघांसाठी अख्खी जीप कशाला, चारांतच दाटीवाटीने बसवू. दुसरी म्हणते, मग नऊच बसतात असं कशाला सांगितलं? शेवटी पाच जीप ठरल्या. ‘बाकी काय म्हणता’मधला ‘बाकी’ आणि भागाकारातला ‘बाकी’ एकच शब्द आहे, हे इतकी वर्षं शिकवून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सर, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. दोन मुलं अजून अक्षर लावून वाचतात. त्यांना मी गणित वाचून दाखवते आणि त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत मला परत सांगायचं, आकड्यांशिवाय. परत सांगता आलं की मगच पाटी. वेळ लागतो, पण पान कोरं राहत नाही.

नावाचं म्हणाल तर वहीत मथळा ‘शाब्दिक उदाहरणे’ हाच ठेवलाय, प्रश्नपत्रिकेत तोच येणार. तोंडी मात्र मी ‘आज एक गणित घालते’ म्हणते, आणि शुक्रवारी मुलं मला घालतात. परवा एकाने घातलं : “आमच्या शेळीला दोन करडं झाली. एक बाबांनी विकलं. तर आता शेळीला किती आठवण येते?” वर्गाने एकमुखाने सांगितलं की माहिती अपुरी आहे. पण तो मुलगा ऐकेना, उत्तर आहे म्हणतो. त्याला काय सांगावं याचा मी अजून विचार करते आहे. तुम्हाला सुचलं तर लिहा.