पिकअपच्या मागच्या पाट्यांखाली ठोकळे बसवणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न (मावळवाट): माझ्याकडे मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेली ४×४ पिकअप आहे. वेल्हे परिसरातील शेतावर खताची पोती आणि १,००० लिटरची पाण्याची टाकी नेताना गाडीचा मागचा भाग फार खाली बसतो आणि चढाच्या वाटेवर खाली घासतो. गॅरेजवाल्यांनी ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ३ इंचांचे ठोकळे घालून लांब यू-बोल्ट (ॲक्सल आणि पाटे एकत्र आवळणारे यू आकाराचे बोल्ट) लावण्याचा सल्ला दिला आहे. हे ठोकळे ते चौकोनी पाइप कापून तेथेच तयार करणार आहेत. अमेरिकेतील फोर्ड सुपर ड्यूटी पिकअपला मागे असे ठोकळे कारखान्यातूनच बसवलेले असतात, त्यामुळे पद्धत मुळातच धोक्याची नसावी असे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (कमानपाटा): मागच्या ॲक्सलवर ठोकळे वापरणे मुळातच धोक्याचे नाही, हे खरे. मात्र कारखान्यातील ठोकळा पाट्यांची ताकद, शॉकॲब्सॉर्बरची लांबी आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन यांच्याशी जुळवलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा ब्रेक लावताना ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि त्याला धरून ठेवण्याचे काम पाटेच करतात. ठोकळा जितका उंच, तितकी ॲक्सलला पाटे पिळण्यासाठी मिळणारी तरफ लांब; मग पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, चढावर चाके थडथड उडतात आणि शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतो.

पाइपचे ठोकळे मात्र स्पष्टपणे नाकारावेत. पोकळ पाइप चेपला की यू-बोल्टचा ताण सुटतो, पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर भलताच भार येतो आणि ॲक्सल जागेवरून सरकू शकतो. एकावर एक ठोकळे रचणे किंवा पुढच्या ॲक्सलवर ते वापरणे हेही तितकेच वर्ज्य आहे. ठोकळा घालायचाच असेल तर तो भरीव, तयार आणि सेंटर बोल्टसाठी खाच व खुंटी असलेला घ्यावा, यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

उत्तर (घाटरस्ता): मला यू-बोल्टपेक्षा ब्रेकची चिंता अधिक वाटते. काही पिकअपमध्ये चासी (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सल यांना जोडलेल्या दांडीवर चालणारा एक व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. ठोकळ्यांमुळे चासी वर गेली की गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा दाब कमी ठेवतो, म्हणजे भरल्या गाडीने घाट उतरतानाच मागचे ब्रेक कमी पडतात. असा व्हॉल्व्ह असल्यास तो नव्याने जुळवावा लागतो. ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि हँडब्रेकची केबल ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असतानाही ताणली जाता कामा नये.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवैध बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मावळवाट: दोघांचेही आभार. भरीव ठोकळे घेतले तर घासणे तरी थांबेल ना?

उत्तर (कमानपाटा): काय घासते ते आधी वाकून पाहा. ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा घासत असेल तर ठोकळ्याचा काहीच उपयोग नाही, कारण ॲक्सलची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते. बंपर किंवा खाली टांगलेली स्टेपनी घासत असेल तर फरक पडेल, पण पाट्यांची ताकद वाढणार नाही. तेवढ्याच वजनाला ते तेवढेच बसतील. शिवाय ज्या गाडीत बंपस्टॉप (पाटे फार वाकू नयेत म्हणून लावलेला रबरी अडथळा) थेट ॲक्सलवर टेकतो, तेथे अंतर वाढल्यामुळे पाटे अधिक वाकतील आणि मुख्य पाटा तुटण्याचा संभव वाढेल.

खरा प्रश्न टाकीचा आहे. १,००० लिटर म्हणजे केवळ पाण्याचेच १ टन वजन, त्यावर खताची पोती. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन कंपनीने दिलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहा. वजन मर्यादेत असूनही मागचा भाग बसत असेल तर पाटे थकले आहेत. कमानवाल्याकडून ते तपासून बदलून घ्यावेत. वजन मर्यादेबाहेर असेल, आणि मला तसेच वाटते, तर टाकी लहान करून फेऱ्या वाढवाव्यात. अर्धी भरलेली टाकी नेऊ नये, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि ३ इंच उंचावलेल्या गाडीला ते अधिकच जड जाते.