ब्रोशरवर १२० पीएस, रोलरवर ९९! मग आपण पैसे कशाचे भरले?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली गाडी घेऊन, एक लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअर मॅन्युअल, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीये. ब्रोशरवर १२० पीएस. हप्ते अजून दोन वर्षं आहेत. गेल्या शनिवारी पुण्याबाहेर एका ट्युनरकडे (इंजिनाची पॉवर वाढवून देणारा मेकॅनिक) डायनोवर, म्हणजे रोलर फिरवून चाकांची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर लावली, मागून पट्ट्यांनी आवळून बांधली, पुढची चाकं रोलरवर, समोर मोठा पंखा, चौथ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत पाय दाबून धरला आणि स्क्रीनवर आकडा आला ९९.२ एचपी. दोनदा परत केलं तर ९७.४ आणि ९४.८. म्हणजे वाढायचं सोडा, उतरतच गेला.

मायलेजचा आकडा कागदावर एक आणि ट्रॅफिकमध्ये दुसरा, हे आपण सगळ्यांनी पचवलंय. पण पॉवरचं काय? रस्त्याला चाकं लागतात, इंजिन नाही. गव्हाच्या पोत्यावर ५० किलो लिहायचं आणि आत ४१ किलो भरायचे, हे कुठल्या दुकानदाराला आपण खपवून घेऊ? माझं स्पष्ट मत आहे की कंपन्यांनी चाकावरची पॉवर छापली पाहिजे, कायद्याने सक्ती करून. बोला.

नटबोल्ट

नाही पटलं. आधी हिशोब नीट करू. १२० पीएस म्हणजे १२० एचपी नव्हे. पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, ७३५.५ वॅट, आणि डायनोवाला जो एचपी दाखवतो तो बहुतेक ७४५.७ वॅटचा. त्यामुळे तुमचे १२० पीएस म्हणजे ११८.४ एचपी, दीड एचपीचा फरक तर नुसत्या एककाचा झाला.

आणि पोत्याची उपमा चुकीची आहे. दुकानातून ५० किलो गहू बरोबर मोजून घेतला आणि गिरणीत दळून आणला, पीठ थोडं कमी भरलं, तर त्याला घट म्हणतात, दुकानदाराने मापात मारलं असं कोणी म्हणत नाही. ब्रोशरवरचा आकडा इंजिनाच्या क्रँकचा, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या मुख्य दांड्याचा आहे, तसं तिथे लिहिलेलंही असतं. मध्ये क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, ड्राइव्हशाफ्ट, टायर एवढं सगळं आहे ना.

त्यात डायनोचा आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. मी स्वतः माझी जुनी डिझेल पंधरा दिवसांच्या अंतराने दोन ठिकाणी लावली होती, एकीकडे जड ड्रमवाला इनर्शिया डायनो, दुसरीकडे लोड देणारा एडी करंटवाला. ९ एचपीचा फरक आला आणि गाडी तीच, टाकीत डिझेलसुद्धा त्याच पंपाचं. आता यातला कुठला आकडा कंपनीने छापायचा ते सांगा.

जुनी_मसल

मी चौथा_गिअर यांच्या बाजूने. लोक म्हणतात डायनोवर विश्वास ठेवू नका, पण इतिहास बघा, कंपन्यांचं खोटं पकडलं ते गिऱ्हाइकांनी आणि बऱ्याचदा डायनोवरच.

१९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा, जाहिरातीत ३२० एचपी. मालकांनी गाड्या रोलरवर लावल्या तर आकडे जुळेनात, ओरड झाली, शेवटी फोर्डने गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट बदलून दिले आणि २००० सालची नेहमीची कोब्रा बाजारात आणलीच नाही. २००१ ची माझदा मियाटा अमेरिकेत १५५ म्हणून विकली, नंतर १४२ वर आणली आणि ज्यांना नको त्यांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. त्याच कंपनीची आरएक्स-८, २४७ ची २३८ झाली. ह्युंदाई-कियाने २००२ साली कबूल केलं की अमेरिकेत छापलेले आकडे फुगवलेले होते.

आणि त्याच्या आधीचं तर विचारूच नका. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस पॉवर छापायच्या, म्हणजे इंजिन स्टँडवर उघडं ठेवायचं, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटर नाही आणि मग मोजायचं. १९७२ ला नेट पद्धत आली आणि कॅडिलॅक एल्डोराडोचा ८.२ लिटरचा तोच धूड एका वर्षात ३६५ वरून २३५ वर आला. कागदावर १३० घोडे गेले! तेव्हाही कंपन्यांच्या बाजूने हेच म्हणणारे असणार की इंजिनाचा आकडा इंजिनाचाच असतो. माणसाला जे मिळतं ते छापा, एवढंच मागणं आहे.

नटबोल्ट

@जुनी_मसल, उदाहरणं सगळी खरी आहेत, मान्य. पण कोब्रामध्ये लोक का भडकले ते बघा ना, आधीची ३०५ वाली आणि नवीन ३२० वाली शेजारी उभ्या केल्या तर नवीन पुढे जातच नव्हती. तुलना गाडीची गाडीशी होती. आणि उलटीही उदाहरणं आहेत, जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून २८० पीएसच्या वर काही छापायचंच नाही असं १९८९ ते २००४ पाळलं, निसानची स्कायलाइन जीटीआर कागदावर २८० आणि प्रत्यक्षात त्याच्या बरीच वर. टोयोटाची २०२० सालची सुप्रा, ३३५ छापलेली, एका अमेरिकन मासिकाने रोलरवर लावली तर चाकावरच ३३९! मग तिथे टोयोटा प्रामाणिक की अप्रामाणिक?

चाकावरचे आकडे छापायची मुभा दिली तर काय होतं तेही झालंय. जीएमसीने हमर ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११,५०० पाऊंड-फूट लिहिला, म्हणजे १५,५०० न्यूटन मीटरच्या वर, कारण गिअरने गुणून चाकावरचा टॉर्क छापला. मोटरचा टॉर्क त्याच्या एक दशांशाच्या आसपास. असले आकडे आपल्याकडे हवेत का?

टेस्टबेड

अकरा वर्षं इंजिन टेस्ट सेलमध्ये काढलीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ब्रोशरचा आकडा कसा येतो ते आधी. इंजिन बेडवर बोल्ट करतात, क्रँकला शाफ्ट लावून डायनॅमोमीटर जोडतात. फिल्टर, सायलेन्सर, वॉटर पंप, अल्टरनेटर सगळं गाडीतल्यासारखं, एसी कॉम्प्रेसरचा भार मात्र नाही. आकडा २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल दाबाला दुरुस्त करून काढतात. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक आरपीएमवर इंजिन धरून ठेवतात, रीडिंग स्थिर झालं की मगच नोंद. युरोपच्या नियमात कंपनीने सांगितलेली कमाल पॉवर टेस्टमध्ये २ टक्क्यांच्या आत यावी लागते. आपल्याकडे गाड्या तपासणारी आपली एआरएआय आहे, वेताळ टेकडीवर, कोथरूडकरांना सांगायला नको. म्हणजे मनाला येईल तो आकडा कोणी छापू शकत नाही.

तुमच्या रोलरवर मात्र इंजिन धरून ठेवत नाहीत, आठ-दहा सेकंदात खालून वर नेतात. त्या आठ-दहा सेकंदात इंजिन स्वतःचा फ्लायव्हील, क्लच, गिअर, चाकं हे सगळं वेगात आणत असतं. ती पॉवर कुठे वाया जात नाही, पण रोलरपर्यंत पोचत नाही. म्हणून मोठे अलॉय लावले की आकडा पडतो.

आता ते सगळीकडे ठोकून दिलेलं "चाकावरचा आकडा घ्या, १५ टक्के मिळवा, झाला क्रँकचा". कृपा करून हे सोडा. तुमचा ११८.४ आणि ९९.२ यातला फरक १९ एचपी, म्हणजे १४ किलोवॅट. बाथरूमचा गीझर २ किलोवॅटचा असतो. सात गीझर गिअरबॉक्समध्ये लावलेत असं समजा, ऑइलचं काय होईल? पुढची चाकं ओढणाऱ्या मॅन्युअल गाडीत गिअरच्या दोन जोड्या लागतात, एकेका जोडीत टक्का-दोन टक्के जातात, बेअरिंग आणि ऑइल घुसळण्याचं धरून सहा-सात टक्के म्हणा. बाकीचं टायर खातो, कारण रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि पट्टा जितका आवळाल तितका अजून. शिवाय यातला काही भाग ठरलेला असतो, पॉवर वाढली म्हणून वाढत नाही. रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) १२० ची १६० केलीत तर तोच गिअरबॉक्स उद्यापासून एक तृतीयांश जास्त खायला लागत नाही. १५ टक्के लावून क्रँकचा आकडा सांगणारा ट्युनर तुम्हाला अंदाज विकतोय.

@चौथा_गिअर, प्रिंटआउट असेल तर करेक्शन फॅक्टर (हवेचा दाब-तापमान धरून आकडा ज्याने गुणतात तो) किती लिहिलाय ते बघा. टायर कुठले? प्रेशर? इनटेक टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान?

घाटवाली

मला या वादात एक सांगायचंय. आम्ही महिन्यातून दोनदा ताम्हिणीतून माणगावला जातो, पाच जण, एसी चालू, डिकीत सामान. मला ५,५०० आरपीएमला किती घोडे येतात त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे मी कधी जातच नाही. मला १,८०० ला चढावर गाडी ओढते का ते हवंय. क्रँक असो नाहीतर चाक, तुम्ही दोघंही शिखराच्या एकाच आकड्यावर भांडताय. अख्खा ग्राफ छापा म्हणावं कंपन्यांना.

चौथा_गिअर

@टेस्टबेड दादा, खूप आभार, हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. प्रिंटआउट बघितला. करेक्शन १.०६, न दुरुस्त केलेला आकडा ९३.६. टायर १७ इंची, मीच बदललेत, कंपनीचे १६ होते. प्रेशर तपासलं नव्हतं. इनटेक टेंपरेचर पहिल्या रनला ४१, तिसऱ्याला ५८. पट्टा त्यांनी चांगलाच आवळला होता, मागून गाडी दबलेली दिसत होती.

टेस्टबेड

तिसऱ्या रनचं कळलं मग. ५८ अंशाची हवा आत जातेय म्हटल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेणारच, म्हणजे ठिणगी उशिरा टाकणारच, इंजिन वाचवायला. एका पंख्याने १०० च्या वेगाचा वारा थोडाच येतो. तो आकडा सोडून द्या.

पण १.०६ चं बघून मला वेगळीच शंका आली. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाची पॉवर त्यामुळे पाच-सहा टक्के खरोखर पडते, म्हणून करेक्शनने ती परत मिळवतात, ते ठीक. टर्बो गाडीत ईसीयू ठरलेलं बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) गाठायला टर्बो जास्त फिरवतो आणि पडलेली पॉवर बरीचशी तिथेच भरून काढतो. त्यावर पुन्हा १.०६ ने गुणलं तर तुम्हाला न मिळालेले पाच-सहा घोडे फुकट दाखवले. म्हणजे तुमचा खरा आकडा ९४ च्या जवळ धरा, आणि १७ इंची चाकं, पट्टा सगळं जमेला धरूनही तो मला कमी वाटतोय. गाडीतच काहीतरी असेल. तसलीच दुसरी गाडी शेजारी लावून बघा, त्याच दिवशी, त्याच रोलरवर, करेक्शन बंद करून.

नटबोल्ट

माझ्या भावाकडे तेच इंजिन आहे, ८,००० किमी झालीये, सगळं कंपनीचं. रविवारी सकाळी सातला घेऊन येतो. पण दोन्ही गाड्यांना १६ इंची चाकं आणि प्रेशर मी स्वतः मोजणार, आणि पट्टा दोन्हींना सारखा.

जुनी_मसल

@नटबोल्ट, म्हणजे शेवटी डायनोवरच चाललात ना तुम्ही पण!

नटबोल्ट

डायनोला माझा विरोध कधीच नव्हता. दोन गाड्या एका रोलरवर तोलायला त्याच्यासारखं साधन नाही. त्याचा आकडा उचलून ब्रोशरवर छापायला विरोध आहे आणि राहील.

चौथा_गिअर

रविवारचा रिपोर्ट. दोन्ही गाड्या १६ इंची, प्रेशर ३३, गारठ्यात, प्रत्येक रनमध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती, करेक्शन बंद. भावाची गाडी १०२.३. माझी ९५.१. सात घोड्यांचा फरक, तीन रन केले तरी तेवढाच.

ट्युनरने बूस्ट लॉग केलं तर माझं ०.१५ बार कमी भरत होतं. खालचं कव्हर काढलं, इंटरकूलरमधून (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) इंजिनाकडे जाणाऱ्या गार बाजूच्या पाइपची क्लिप सैल. पाइपच्या तोंडाशी काळपट तेलाचा ओघळ, बोट लावलं तर चिकट. गेल्या सर्व्हिसला बंपर काढला होता, तेव्हाच नीट बसली नसणार. ना वॉर्निंग लाइट, ना आवाज. नवीन क्लिप टाकली आणि परत लावली, १०१.६.

ब्रोशरशी भांडत बसलो असतो तर ही क्लिप कधीच सापडली नसती हे खरं, @नटबोल्ट आणि @टेस्टबेड दोघांचे मनापासून आभार. तरी माझी मागणी मी मागे घेत नाहीये, थोडी बदलतोय. चाकावरचा आकडा नको, पण घाटवाली ताईंनी म्हटलं तसा पूर्ण ग्राफ आणि तो कुठल्या पद्धतीने मोजला हे ब्रोशरवर हवं, तेही पीएस आणि किलोवॅट दोन्हीत.

नटबोल्ट

ग्राफला माझा पाठिंबा. सक्तीला नाही.

घाटवाली

क्लिप नक्की कुठली हो? आमच्या गाडीखाली पुढे डाव्या बाजूला असंच तेलकट दिसतंय, सर्व्हिसवाले म्हणाले नॉर्मल आहे.

चौथा_गिअर

ताई, थोडं तेल असतंच, टर्बोतून वाफ येते ती. पण पाइप आणि इंटरकूलर जुळतात त्या सांध्यावर ओघळ असेल तर बघून घ्या. इंजिन बंद आणि गार असताना पाइप हाताने फिरवून बघा, जरासुद्धा फिरला तर क्लिप सैल आहे. फोटो उद्या सकाळी टाकतो, उजेडात नीट येईल.