दार मजबूत झालं म्हणून झडती सोडायची?

तापीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "कॉकपिटला बुलेटप्रूफ दार बसल्यापासून विमान पळवणं अशक्य. मग जळगाव-पुणे छोट्या विमानासाठी बेल्ट-बूट काढायचं नाटक कशाला?" वाचून डोकंच फिरलं. अरे भो, २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानात पाच अपहरणकर्ते पिस्तुलं आणि ग्रेनेड घेऊन चढले. तिथल्या तपासणीत कोणी अडवलं नाही. अमृतसरला विमान पाऊण तास उभं होतं, तरी हातचं गेलं. शेवटी प्रवाशांच्या बदल्यात कंदाहारला मसूद अझहरसह तुरुंगातले तिघं दहशतवादी सोडावे लागले. अडवायचं ते चढण्याआधीच.

भुसावळकर: मजबूत दारं ११ सप्टेंबर २००१ नंतर आली. तुमचं उदाहरण त्याआधीचं. आज पायलट दार उघडणारच नाही.

धुळेकर: दाराचं काय सांगता? मार्च २०१५, जर्मनविंग्ज कंपनीचं विमान. सहवैमानिकाने आतून दार लावून घेतलं, कॅप्टन बाहेरून बडवत राहिला, आणि त्याने विमान मुद्दाम डोंगरावर आदळवलं. १५० जीव गेले. आणि १९८५ चं एअर इंडियाचं कनिष्क? बॉम्बची बॅग चढली, बॅगवाला चढलाच नाही. ३२९ माणसं. तिथे दार काय करणार होतं?

भुसावळकर: त्या सहवैमानिकाला झडतीने तरी कुठे अडवलं असतं?

चोपड्याची लेक: झडतीचं कौतुक माझ्या मायला सांगा. तिचा गुडघा बदललेला. मशीन वाजलं, तर सगळ्या रांगेसमोर पुन्हा पुन्हा चौकटीतून जायला लावलं. डॉक्टरांचा कागद पुढे केला, कोणी बघितला नाही. वर नातवासाठी घेतलेली मिरचीच्या लोणच्याची बरणी काढून घेतली. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर तेल उतरलेलं. माय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तापीकाठ: ताई, लोणचं मोठ्या बॅगेत द्यायचं असतं.

चोपड्याची लेक: मला नियम शिकवू नका! एकाने तरी "आजी, बसा" म्हणायला काय जात होतं?

रावेरकर: माझं तर मसाल्याचं सुकं खोबरं मोठ्या बॅगेतूनही काढलं. शेंगदाणे चालतात, त्यात तेल नसतं का?

धुळेकर: सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते आगीसाठी आहे, दादा.

रावेरकर: मग तिथे तसं सांगायचं ना! नुसतं "अलाऊड नाही"!

भुसावळकर: विषय अपहरणाचा आहे की मसाल्याचा? बरं, कनिष्कचं मानलं. सामान कसून तपासा. पण म्हाताऱ्या माणसांचा असा पाणउतारा करून कोणतं विमान वाचतं?

तापीकाठ: तेवढं खरं. खुर्ची द्या, कागद वाचा, बाजूला नेऊन तपासा. पण तपासणी कमी करा म्हणाल तर नाही.

चोपड्याची लेक: कमी करा असं मी कुठे म्हटलं? आधी नीट वाचा.