रफियनचा शेवट: दोष रक्ताचा की त्या शर्यतीचा?

खोगीर
6 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन ही घोडी आणि फूलिश प्लेझर हा घोडा या दोघांचीच सव्वा मैलांची शर्यत झाली आणि तीत रफियनचा पुढचा उजवा पाय मोडला. तोवर ती दहा शर्यती धावून दहाही जिंकली होती. पहिलीच शर्यत तिने 15 लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकून बेलमाँटच्या विक्रमाशी बरोबरी केली होती.

तिच्या मृत्यूचे खापर त्या एका शर्यतीवर फोडण्याची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. तिचा बाप रिव्ह्यूअर विलक्षण वेगवान होता, पण त्याच्या शर्यतीच्या काळात त्याच्या पायाचे हाड तीनदा मोडले. आई शेनानिगन्स ही नेटिव्ह डान्सरची मुलगी. 22 पैकी 21 शर्यती जिंकणाऱ्या या घोड्यालाही पायांच्या दुखण्याने सतावले. स्वतः रफियनच्या मागच्या पायाच्या हाडाला दुसऱ्या वर्षीच तडा गेला होता. ही खोट तिच्या रक्तातच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुडकी
खोगीर, वंशावळ तुम्ही बरोबर मांडलीत. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. रिव्ह्यूअरचा बाप बोल्ड रूलर, आणि त्याच बोल्ड रूलरचा मुलगा सेक्रेटेरियट दोन मोसमांत 21 शर्यती धावला. फूलिश प्लेझर हाही बोल्ड रूलरचाच नातू, म्हणजे त्या दिवशी एकाच आजोबांची दोन नातवंडे धावत होती आणि त्यांतले एक धडधाकट परतले. शेनानिगन्सच्याच पोटचा आइसकपेड शर्यती गाजवून पुढे पैदाशीतही नावाजला. 1984 ची पहिली ब्रीडर्स कप क्लासिक ही शर्यत जिंकणारा वाइल्ड अगेन हा त्याचाच मुलगा.

पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटेचा सराव मी कठड्याशी उभे राहून अनेक वर्षे पाहिला आहे. घोडा भरधाव असताना पुढच्या पायाचा खुरावरचा सांधा प्रत्येक टापेला इतका खाली दबतो, की त्यामागचे केस मातीला टेकतात. तो सगळा ताण सांध्यामागच्या दोन चिमुकल्या सेसामॉइड हाडांवर येतो. रफियनची हीच हाडे फुटली. 21 जूनला ती कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स या शर्यतीत दीड मैल धावली होती आणि अवघ्या 15 दिवसांत तिला त्या वर्षीच्या केंटकी डर्बी विजेत्यासमोर उभे केले गेले. अनेक घोड्यांच्या शर्यतीत जॉकीला घोड्याचा दम राखता येतो. दोघांच्याच शर्यतीत ती सोय राहत नाही. गेटमधून निघतानाच तिचा खांदा आपटला होता, तरी पहिला पाव मैल तिने 22 सेकंदांच्या आसपास कापला. सव्वा मैल धावायचे असताना अशी सुरुवात कोणत्या घोड्याला झेपेल?

लगाम
हाड मोडले म्हणून ती गेली, असे आपण दोघेही धरून चालला आहात. शस्त्रक्रिया पार पडली होती. भूल उतरताना मात्र ती पडल्या पडल्या शर्यतीत असल्यासारखी पाय झाडू लागली, त्यात सगळे सांधलेले निखळले आणि तिला कायमचे झोपवावे लागले. 2006 मध्ये बारबारो हा शर्यतीचा घोडा पाय मोडून घेऊन आला, तेव्हा त्याला पाण्याच्या हौदात तरंगत ठेवून शुद्धीवर आणले गेले आणि तो आठ महिने जगला. 1975 च्या त्या रात्री तशी व्यवस्था असती, तर आपली चर्चा वेगळी झाली असती.

खोगीर
15 दिवसांचा मुद्दा मी मान्य करतो. तो निर्णय चुकीचाच होता. लगाम यांनी सांगितलेली हकीकत मात्र मला माझ्याच बाजूची वाटते. पाय मोडल्यावर जॉकी हासिंतो व्हास्केझ तिला जिवाच्या आकांताने आवरत होता आणि ती धावतच होती. ही जिद्द पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली आहे, आणि ती पेलणारे पाय मात्र त्याच काळजीने निवडले गेले नाहीत. पैदाशीसाठी जोडी ठरवणाऱ्यांना रिव्ह्यूअरचा इतिहास ठाऊक होता.

दुडकी
व्हास्केझचे नाव आपणच काढलेत म्हणून सांगतो. फूलिश प्लेझरवर बसून केंटकी डर्बी त्यानेच जिंकली होती आणि रफियनचाही तो नेहमीचा जॉकी होता. दोन्ही घोड्यांची पाठ आणि पाय त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. 6 जुलैसाठी एकाची निवड करायची वेळ आली, तेव्हा त्याने रफियनला निवडले.