दुधाचे गणित आणि फळमाशीचे केस: ट्रुडी मॅके यांच्या वाटचालीविषयी

पैदासशास्त्राचा विद्यार्थी:
नमस्कार. मी पशुपैदासशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत असून, दूध-उत्पादनासारख्या, अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून ठरवणाऱ्या गुणांवर मला संशोधन करायचे आहे. आनुवंशिकीतज्ज्ञ ट्रुडी मॅके यांना २०१६ चा कृषिक्षेत्रातील वुल्फ पुरस्कार मिळाला, पण त्यांचे काम प्रामुख्याने फळमाशीवर आहे. आमच्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावे?

निवृत्त प्राध्यापक:
मॅके मूळच्या कॅनडातील. एडिंबरा येथे ॲलन रॉबर्टसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९७९ मध्ये पीएच.डी. मिळवली. रॉबर्टसन यांचे पशुपैदाशीत मोठे नाव, तरीही प्रयोगाला ते माशी वापरत, कारण गाईची पुढची पिढी पाहायला वर्षे लागतात, तर माशीची साधारण दहा-बारा दिवसांत हाती येते. मॅके यांनी बराच काळ माशीच्या अंगावरील राठ केस सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. काम कंटाळवाणे खरे, पण हा गुण नेमका मोजता येतो, आणि मोजमापच ढिले असेल तर पुढचे सारे संख्याशास्त्र व्यर्थ जाते.

प्रयोगशाळेतील ताई:
सरांच्या म्हणण्याला जोड देते. १९८७ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात असताना मॅके यांनी रॅली शहरातील जंगली माद्यांपासून वंश सुरू केले आणि सख्ख्या भावंडांचा वीस पिढ्या संकर करून दोनशेहून अधिक शुद्ध वंश, म्हणजे ज्यांतील माश्या जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारख्या असतात असे वंश, तयार केले. त्यांचा जनुकीय क्रम सर्वांसाठी खुला असल्यामुळे जगातील कोणतीही प्रयोगशाळा तेच वंश मागवून झोप, आयुर्मान किंवा आक्रमकता मोजू शकते, आणि क्रम पुन्हा वाचावा लागत नाही. माझ्या मते शोधनिबंधांपेक्षा हे काम अधिक टिकेल.

संख्याशास्त्रवाला:
थोडा मतभेद नोंदवतो. या वंशांवरून मॅके यांनी जनुकांच्या परस्पर-आंतरक्रियेला, म्हणजे एका जनुकाचा परिणाम दुसऱ्या जनुकावर अवलंबून असण्याला, फार महत्त्व दिले. पैदासकार मात्र प्रत्येक जनुकाच्या परिणामाची बेरीज करूनच वळू निवडतात आणि त्यात त्यांना यशही येते. माणसाच्या उंचीवरील २०२२ च्या अभ्यासातही सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीतून, बेरजेच्याच गृहीतावर, बारा हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले.

ताई:
मान्य, पण निवड यशस्वी होणे आणि यंत्रणा समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याने प्रबंधासाठी यांपैकी काय हवे ते आधी ठरवावे. पहिल्यासाठी दूध-नोंदींची विदा पुरेल, दुसऱ्यासाठी माशीच बरी.